बैठका मोजणं थांबवा, काम कुठं अडलंय ते लिहा

खान्देशात गावपातळीवर काम करणाऱ्या कुठल्याही टीमचा महिन्याचा अहवाल उघडा. बैठका इतक्या, गावं इतकी, उपस्थिती इतकी, खाली सतरंजीवर बसलेल्या बायांचे चार फोटो. यातून कामाचं काहीच कळत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. बैठकीत जे ठरलं ते आज कुणाच्या हातात आहे आणि कशामुळे थांबलंय, एवढं कळलं तरच ती कामाची नोंद.

सामूहिक वनहक्काचंच घ्या, म्हणजे गावानं मिळून आपल्या जंगलावर मागायचा हक्क. नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी-अक्कलकुव्याकडच्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनसंसाधनाचा दावा करायचा, तर नमुना ‘क’ भरायचा, गावाच्या वनहक्क समितीनं पडताळणी करायची, ग्रामसभेनं ठराव करायचा, मग फाइल उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे. एवढ्या लांबच्या वाटेवर तक्त्यात एकच शब्द असतो: ‘प्रलंबित’. महिनोन्‌महिने तोच. नकाशावरच्या शिवेबद्दल शेजारच्या गावाशी बोलायचं राहिलंय, की प्रांत कार्यालयानं त्रुटी काढलीय, की फाइल अजून समितीच्या सचिवाच्या घरी पेटीतच आहे? या तिन्हींवरचा उपाय वेगळा, आणि तो करणारा माणूसही वेगळा.

म्हणून स्थितीच्या रकान्यात तीनच शब्द ठेवा: गावाकडे, आपल्याकडे (म्हणजे टीमकडे), कार्यालयाकडे. ‘कार्यालयाकडे’ लिहायचं तर आवक क्रमांक आणि पोचेची तारीख हवीच; पोच नसेल तर कागद अजून आपल्याकडेच आहे असं धरायचं. महिनाअखेरीला ‘आपल्याकडे’ची यादी वाढलेली दिसली, तर गावाच्या उदासीनतेवर बोलायचा आपल्याला अधिकार नाही.

एक ओळ कशी असावी? ‘दक्षिणेकडची शीव शेजारच्या गावाच्या वनहक्क समितीला नकाशावर दाखवून सह्या घेणे. जबाबदारी: आपल्या गावच्या समितीचे सचिव. सोबत: या पाड्यांचा कार्यकर्ता. मुदत: येत्या आठवडे बाजाराच्या आत. पूर्ण कधी म्हणायचं: सह्यांचं पान फाइलला लागलं की.’ शेवटचा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतोच, आणि घोळ तिथंच होतो. एक जण चर्चा झाली की ‘पूर्ण’ लिहितो, दुसरा सही झाल्यावर. जबाबदारीच्या रकान्यात ‘टीम’ किंवा ‘सर्व’ हे शब्द तर कुणाला लिहूच देऊ नका.

आपल्याकडे याची उत्तम रीत जुनीच आहे. पांझरा नदीकाठच्या फड बागायतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावानं मिळून वाटून घ्यायच्या पद्धतीत, पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, सगळ्यांवर देखरेख ठेवणारा हवालदार. पाणी शेवटच्या शेतात पोचलं नाही तर कुणाला विचारायचं, हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं.

आता वेळापत्रक. निधी देणाऱ्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च, गावाचं तसं नाही. दिवाळीनंतर सातपुड्यातले कितीतरी पाडे ऊसतोडीला गुजरातकडे उतरतात आणि होळीला परततात. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य लागतात, आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश महिला. पौषात सभा लावली तर गणपूर्ती होईल कशी? तरी आराखड्यात ‘चौथी तिमाही: ठराव’ असं सर्रास लिहिलेलं असतं, आणि मार्चअखेर जवळ आला की घाईघाईत सह्या गोळा होतात. असे ठराव पुढं तपासणीत टिकत नाहीत. सभेची कामं दसऱ्याआधी नाहीतर होळीनंतर ठेवा. खाली तापीकाठच्या गावांत कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी बाई भेटणार नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला भाऊबंद एकत्र असतात, तेव्हा प्रशिक्षणं लावू नयेत. एप्रिल-मेच्या उन्हात बैठक घ्यायची तर सकाळी सातला किंवा रात्री जेवणं झाल्यावर. वार्षिक आराखड्याच्या पहिल्याच रकान्यात हे सगळं भरा, उद्दिष्टं नंतर.

व्हॉट्सॲप ग्रुपला नोंदवही समजू नका. ठरलेली गोष्ट शुभेच्छांच्या ढिगाखाली जाते, फोन बदलला की पुरावाही जातो. पाड्यावर रेंज नसते, म्हणून वही लागतेच. कार्बन लावून लिहा, एक प्रत गावात ठेवा, दुसरी आठवड्याला एकाच माणसानं संगणकावर चढवायची. एकाच तक्त्यात पाच जण बदल करू लागले की तारखा कुणी सरकवल्या ते कळत नाही. मुदत वाढवायची असेल तर जुनी तारीख खोडू नका, शेजारी नवी लिहा. एकाच ओळीत तिसरी तारीख आली की वरिष्ठानं स्वतः त्या गावाला जायचं.

सोमवारची आढावा बैठक तासाभराची पुरे. झालेल्या कामांचं वाचन नको, फक्त मुदत उलटलेल्या ओळी घ्या. आणि गावातली प्रत्येक बैठक वहीतल्या मागच्या बैठकीच्या पानापासून सुरू करा, उभ्यानं मोठ्यानं वाचून. म्हातारी माणसं लगेच विचारतात, ‘मंग काय व्हयनं त्यानं?’ (मग त्याचं काय झालं?) त्याचं उत्तर त्याच पानावर, त्याच ओळीपुढं, सगळ्यांसमोर लिहा.