दुर्बिणीत टाकायची नाणी

कोथरूडला ताईच्या सोसायटीत दर रविवारी आठवी ते दहावीच्या मुलींचा वाचनकट्टा भरतो. गेल्या महिन्यात त्या मुलींनी निवडलेल्या एका इंग्रजी कादंबरीवरून त्यांच्या आईवडिलांत आणि आजी-आजोबांत जे वाजले, ते ताईने मला सतरा मिनिटांच्या ध्वनिसंदेशांतून सविस्तर कळवले. मी राहतो अमेरिकेत, बॉस्टनजवळ; आर्लिंग्टनहून एलवाइफ स्थानकापर्यंत सायकलमार्गाने चालत जाताना मी ते ऐकले, आणि रेड लाइनच्या फलाटावर उभ्या उभ्या ताईला एक लांबलचक मजकूर लिहून, तो कट्ट्याच्या पालकांपर्यंत पोहोचव, असे सांगितले. त्याला एका गृहस्थांकडून एकाच ओळीचे उत्तर आले. ते उत्तर पुढे देतोच; हा लेख त्याच्यामुळेच लिहावा लागत आहे.

पुस्तक म्हणजे गॅब्रिएल झेव्हिन यांची २००५ साली प्रसिद्ध झालेली ‘एल्सव्हेअर’. लिझ हॉल ही सोळावे वर्षही पुरे न केलेली मुलगी सायकलवरून जात असताना एक टॅक्सी तिला उडवते आणि न थांबता निघून जाते. लिझ जागी होते ती ‘नाइल’ नावाच्या जहाजावर. जहाज ज्या किनाऱ्याला लागते, तिथे मेलेली माणसे उलट्या दिशेने वाढत जातात: म्हातारी तरुण होतात, तरुण लहान होतात, आणि तान्ही झाली की त्यांना नदीत सोडून पुन्हा पृथ्वीवर पाठवले जाते. तिथे लिझला उतरवून घ्यायला तिची आजी आलेली असते. ती लिझच्या जन्माआधीच कर्करोगाने गेली होती आणि आता तिशीतली दिसते.

मुलींची मते मला त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या मतांहून कितीतरी अधिक विचार केलेली वाटली. एकीला ओवेनचे प्रकरण मुळीच पटले नव्हते. मरताना जो सव्वीस वर्षांचा आणि विवाहित होता, त्याने केवळ आता सतरा-अठराचा दिसतो म्हणून लिझच्या प्रेमात पडावे, आणि मग त्याची बायको तिथे येऊन पोहोचल्यावर सगळ्यांनी समजूतदार व्हावे, हे तिच्या मते लेखिकेने स्वतःच्या सोयीसाठी केले आहे. दुसरीला टॅक्सीवाल्याला शिक्षा का होत नाही याचा राग होता. कुत्र्यांची भाषा लिझला कशी येते, यावर दोघी-तिघींचा अर्धा तास गेला. माझी भाची मात्र स्वेटरपाशी अडकली होती. लिझने वडिलांच्या वाढदिवसासाठी घेतलेला स्वेटर खोलीतल्या फळीखाली लपवलेला असतो, ते तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसते, आणि मेल्यावर तिला सर्वांत जास्त छळते ती हीच एक गोष्ट. “मामा, ती मेली याचं मला इतकं वाईट वाटलं नाही, पण तो स्वेटर तसाच पडून राहणार ना,” असे तिने मला फोनवर सांगितले. यापेक्षा नेमके मत मी या पुस्तकाविषयी कोणाकडूनही ऐकलेले नाही.

मोठ्यांनी मात्र पुस्तकाचे मागचे पान वाचून बाजू घेतल्या. दहावीच्या वर्षात मरणाचा विषय नको, असे काही आयांचे म्हणणे होते. ते मी सोडून देतो, कारण दहावीच्या वर्षात पुण्यात कोणताच विषय नको असतो. पण एका निवृत्त गृहस्थांनी असे ठासून सांगितले की पुनर्जन्म ही आपली ठेव आहे, ती अमेरिकन बाईंनी उचलून इंग्रजीत खपवली, आणि आपल्या मुली ती पुन्हा डॉलरच्या भावाने विकत घेत आहेत. घरात कठोपनिषदातला नचिकेत असताना लिझ कशाला? यावर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात असलेल्या एका बाईंनी तितकेच ठासून सांगितले की ज्या शहरात २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वराच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या, त्या शहरात मुलांच्या हाती आत्म्यांच्या गोष्टी देणे हा त्यांच्या कामाशी केलेला द्रोह आहे.

उचलेगिरीच्या आरोपाला माझे उत्तर साधे होते. या कादंबरीतल्या परत जन्मण्यात कर्म नावाची गोष्टच नाही. तिथे पापपुण्याचा हिशेब होत नाही, चांगल्या माणसाला चांगले कूळ मिळत नाही, अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मेलेला गायक आणि गोळी लागून मेलेली मुलगी एकाच जहाजातून येतात आणि एकाच रांगेत उभी राहतात. पंधराव्या वर्षी मेलात तर पंधरा वर्षे, सत्तराव्या वर्षी मेलात तर सत्तर, इतकाच नियम. कर्मफळ वजा केले तर आपल्या पुनर्जन्मात उरते काय, हे त्या गृहस्थांनीच सांगावे. उलट्या वयाची कल्पना तर प्लेटोच्या एका संवादातही आहे, आणि जहाजाचे नाव ‘नाइल’ असल्यामुळे ऋण मागायचेच झाले तर पहिला हक्क इजिप्तचा.

बाईंविषयी मला आदर आहे, कारण विद्यार्थिदशेत मी स्वतः अंनिसची दोन शिबिरे केलेली आहेत. पण २०१३ सालचा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा नरबळी, अघोरी प्रथा आणि चमत्काराच्या नावाने होणारी फसवणूक यांच्याविरुद्ध आहे, कल्पनेविरुद्ध नाही. मेलेल्या मुलीला दुसऱ्या जगात पाळीव प्राण्यांच्या खात्यात नोकरी मिळते, या गोष्टीवर विश्वास ठेवून कोणी बाबाच्या मठात जाईल, असे मानणे हा त्या मुलींचा अपमान आहे.

आणि मग मी, इथले लोक हमखास करतात तेच केले: इथला दाखला दिला. आमच्या गावच्या वाचनालयात हेच पुस्तक घेऊन आम्ही नऊ जण गेल्या ऑक्टोबरात बसलो होतो. घडीच्या खुर्च्या, साइडर डोनट, नेहमीचेच. एक वृद्ध बाई, ज्या तरुणपणी काही वर्षे ख्रिस्ती जोगीण होत्या, त्यांची तक्रार अशी की या परलोकात देव कुठेच नाही आणि सगळा कारभार नगरपालिकेसारखा चालतो. दुसऱ्या एकाला पुस्तक फार गोड वाटले. इतक्या मेलेल्या माणसांत एकही खरोखर वाईट माणूस कसा नाही, असे तो विचारत राहिला. टॅक्सीवाल्याचा विषय निघाला तेव्हा, ज्यांच्या अपघातात गेलेल्या मुलीच्या स्मरणार्थ, तिच्या नावाची पांढरी सायकल अजून चौकातल्या खांबाला बांधलेली आहे, ते गृहस्थ त्या संध्याकाळी प्रथमच बोलले. लिझ आधी त्या चालकाला पकडून देण्याच्या मागे लागते आणि पुढे तो नाद सोडते, त्याविषयी ते म्हणाले की त्यांना स्वतःला याला तीन वर्षे लागली, पुस्तकातल्या मुलीला बरीच कमी लागली. त्यानंतर कोणीही काही बोलले नाही. ग्रंथपाल बाई खुर्च्या मिटू लागल्या.

पाहा, असे मी ताईला लिहिले, इथे कोणी संस्कृतीची मालकी सांगितली नाही, कोणी पुस्तक काढून टाका म्हटले नाही, लोक आपापले मरण घेऊन आले आणि पुस्तकाशेजारी ठेवून गेले. हे लिहिताना मला फार बरे वाटत होते, हे मान्य करायला हवे. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने एकट्या २०२३ सालात ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांवर आक्षेप आल्याची नोंद केली आहे, ही गोष्ट मला ठाऊक होती आणि मी ती लिहिली नाही. ती फ्लोरिडा-टेक्साससारख्या राज्यांची गोष्ट आहे, आमच्याकडची नाही, असे मी मनाशी म्हटले. पुण्यातल्या एका सोसायटीवरून मी अख्खा महाराष्ट्र जोखत होतो, आणि इथे मात्र नऊ खुर्च्यांचा देश करून त्यात राहत होतो.

तर, उत्तर. निवृत्त गृहस्थांनी ताईकरवी कळवले: “तुम्ही तिकडून दुर्बिणीतून बघताय, तुम्हाला इथलं काय दिसणार?”

त्यांनी पुस्तक वाचलेले नव्हते, म्हणून आपण काय लिहिले हे त्यांना कळलेले नव्हते. त्या परलोकात निरीक्षणाचे मनोरे आहेत. तिथल्या दुर्बिणीत नाणे टाकले की पृथ्वीवरचे आपले घर दिसते, वेळ संपली की पुढचे नाणे टाकावे लागते. लिझ पहिले कित्येक आठवडे दुसरे काहीच करत नाही. आजीकडून नाणी उसनी घेते आणि तिच्यावाचून चाललेले तिचे घर, शाळा, मैत्रीण पाहत बसते. आजी तिला नोकरी धर म्हणते, ती ऐकत नाही. मेलेल्यांनी जिवंतांशी बोलायला बंदी असते, तरी ती समुद्रातल्या विहिरीत उतरते. तिचा आवाज घरच्या नळांतून अर्धवट, गुळण्या केल्यासारखा बाहेर पडतो आणि कोणाला धड समजत नाही. दोन्हीकडच्या पंडितांना यात परलोक दिसला. मला पहिल्या वाचनात दिसला तो लोगन विमानतळ, पहिली भाड्याची खोली, आणि पहाटे दोनला महापालिका निवडणुकीचे प्रभागवार निकाल पाहत बसलेला मी, ज्याचा कोणत्याच प्रभागात मतदार यादीत क्रमांक नव्हता.

म्हणून ती ओळ लागली. चूक असती तर लागली नसती.

२०१८ च्या फेब्रुवारीत माझे वडील, अण्णा, गेले तेव्हा माझा ग्रीन कार्डाचा अर्ज पडून होता आणि देशाबाहेर जाऊन परत येण्याची परवानगी देणारा अ‍ॅडव्हान्स पॅरोलचा कागद हाती आलेला नव्हता. गेलो असतो तर परत येणे अवघड होते, आणि मी गेलो नाही. दहाव्याचे विधी ओंकारेश्वराला झाले. पुण्यात सकाळचे नऊ वाजले होते, इथे रात्रीचे साडेदहा, आणि खिडकीखालून बर्फ काढणारी गाडी पिवळा दिवा फिरवत जात होती. चुलतभावाने फोन असा धरला होता की पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात भाताचे पिंड दिसत होते आणि वरच्या भागात भिंतीवर बसलेले सात-आठ कावळे. एकही खाली उतरत नव्हता. आत्याने मनातल्या मनात काही कबूल केले, ताईने मोठ्याने केले, तरी नाही. मग भाऊ म्हणाला, “कावळा शिवत नाहीये रे, तुझंच काहीतरी राहिलंय. तू बोल.” अंनिसची दोन शिबिरे केलेला मी, मेडफर्डच्या त्या खोलीत फोन तोंडापाशी धरून म्हणालो, “अण्णा, आईची काळजी करू नका.” एक कावळा उडाला आणि त्याच क्षणी चित्र थिजले: एक पंख उघडलेला, पाय अधांतरी. पुन्हा हलू लागले तेव्हा पिंड उसकटलेला होता आणि मंडळी उठून पायांत चपला घालत होती.

माझ्या बोलण्याने कावळा उतरला, अशा समजुतीत मी दीड वर्ष होतो. नंतर पुण्याला गेलो तेव्हा ताईने सहज बोलता बोलता सांगितले की तो कावळा नुसताच घिरटी घालून पुन्हा भिंतीवर जाऊन बसला होता. चित्र बंद पडल्यावर भावाने फोन खाली ठेवला, हात जोडले आणि म्हणाला, “अण्णा, तो परत येणार आहे, तुम्ही निघा.” मग शिवला.

मी कावळ्यावर विश्वास ठेवत नाही. पण माझ्या वतीने, माझा आवाज बंद असताना, ओंकारेश्वराच्या घाटावर दिले गेलेले ते वचन खोटे आहे हे जाहीर करण्याचे धैर्यही मला अजून झालेले नाही. मागच्या वर्षी बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये शेकडो लोकांबरोबर उजवा हात वर करून अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेताना मला आठवला तो तिरंगा नव्हे, थिजलेला एक पंख. बाहेर पडल्यावर मी ताईला फोन केला आणि हवेविषयी बोललो.

त्या गृहस्थांना नचिकेत हवा होता, तर नचिकेतच घेऊ. वडील भाकड गाई दान करताना पाहून, मला कोणाला देणार, असे तो पुन्हा पुन्हा विचारतो, वैतागलेले वडील मृत्यूला देतो म्हणतात, आणि पोर यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसते. यमाने दिलेल्या तीन वरांपैकी तिसरा सर्वांना पाठ असतो, मरणानंतर काय उरते तो. त्यावर प्रवचने होतात. पहिला वर त्याने काय मागितला, हे कोणी फारसे सांगत नाही. अमरत्व नाही, ज्ञान नाही. मी इथून परत गेलो की वडिलांनी मला ओळखावे आणि माझ्याशी रागावून न बोलता प्रेमाने बोलावे, हे त्याने सर्वांत आधी मागून घेतले. यमाच्या दारी पोहोचलेल्या पोरालाही घरच्यांच्या नजरेत आपण परके तर ठरणार नाही, याचीच चिंता आधी पडली होती. माझ्या मते ‘एल्सव्हेअर’मधला स्वेटर आणि हा पहिला वर एकाच कपाटातले आहेत, कोणी कोणाचे उचलले या वादात ते कपाट उघडायचे राहून गेले.

हे सर्व मी ताईला लिहून पाठवले नाही. नुसते इतकेच विचारले की ते गृहस्थ कोण. तिने सांगितले की त्यांचा एकुलता मुलगा अकरा वर्षे मेलबर्नला आहे, आणि करोनानंतर एकदाच येऊन गेला.

परवा तिचा पुन्हा संदेश आला. त्यांनी भाचीकडून पुस्तक वाचायला नेले आहे, चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे हळू चालले आहे, आणि त्यांनी मला एक विचारायला सांगितले आहे: त्या दुर्बिणीत एक नाणे टाकले की किती वेळ दिसते, हे कोणत्या पानावर आहे. मी पान शोधून कळवले.