रात्रीची क्लिप, दुपारच्या गोळ्या

काल रात्री भाचीचा फोन आला. ती अकरावीत आहे आणि पुढच्या शनिवारी तिची वक्तृत्व स्पर्धा आहे. विषय आहे युद्धकाळ आणि प्रसारमाध्यमं. म्हणाली, "मावशी, बाबांनी ग्रुपवर टाकलंय ते वाचलंस का? भाषणाची सुरुवात त्यानंच करते." दाजींचा तो मेसेज मी सकाळी पाहून सोडून दिला होता. आता सोडता येणार नाही. मुलगी ते पाठ करून दोनशे मुलांपुढे खरं म्हणून सांगणार आहे.

तुमच्याकडेही तो आलाच असेल. ‘अमेरिका व्हिएतनाममध्ये हरली नाही, तिला तिच्याच टीव्हीनं हरवलं’ असा मथळा. खाली चार दावे. टीव्हीवर रोज रात्री युद्धातला रक्तपात थेट दिसायचा म्हणून जनता फिरली. वॉल्टर क्रॉन्काइट या निवेदकाच्या एका कार्यक्रमानं अध्यक्ष जॉन्सन यांना राजीनामा द्यावा लागला. १९६८ साली शिकागोत पोलिसांनी फक्त स्वतःचा बचाव केला, दंगल कॅमेरेवाल्यांनी घडवली. आणि १९७० साली केंट स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांनीच आधी सैनिकांवर गोळ्या झाडल्या. सोबत एक धूसर कृष्णधवल क्लिप, ‘हा घ्या पुरावा’ म्हणून. तात्पर्य काय, तर युद्ध सुरू झालं की कॅमेरे बंद करा.

शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यांत वाईट आहे. त्यात मेलेल्या मुलांना खुनी ठरवलंय.

क्लिप पुन्हा लावा. रात्र आहे. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उंच इमारती, टीव्हीवाल्यांच्या दिव्यांचा झगझगीत प्रकाश, गणवेशातले शहर पोलीस दंडुके घेऊन गर्दीत घुसताहेत, आणि एका क्षणी मागे हिल्टन हॉटेलची पाटी दिसते. ही शिकागोची मिशिगन अव्हेन्यू आहे, २८ ऑगस्ट १९६८ ची रात्र. केंट स्टेट तिथून शेकडो मैलांवर, ओहायो राज्यात. तिथला गोळीबार ४ मे १९७० चा, दुपारी बारा वाजून चोवीस मिनिटांचा, लख्ख उन्हात, विद्यापीठाच्या आवारातल्या गवताळ टेकडीवर. तिथे शहर पोलीस नव्हते. होते नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव दलाचे सैनिक, लोखंडी शिरस्त्राणं घातलेले, हातात रायफली. दोन वर्षांपूर्वीची, दुसऱ्या गावातली, रात्रीची फिल्म दुपारच्या गोळीबाराचा पुरावा म्हणून फिरते आहे, आणि पुढे पाठवणाऱ्या एकालाही ‘इथे अंधार कसा?’ असं विचारावंसं वाटलेलं नाही. शिवाय या क्लिपमध्ये मार कोण कुणाला देतंय तेही बघा. मेसेज म्हणतो त्याच्या अगदी उलट दिसतं.

आता त्या दुपारी काय झालं ते. अध्यक्ष निक्सन यांनी ३० एप्रिलला कंबोडियात सैन्य घुसवत असल्याचं जाहीर केलं आणि देशभरातली विद्यापीठं पेटली. केंटमध्ये २ मेच्या रात्री लष्करी अधिकारी-प्रशिक्षणाची इमारत जाळली गेली. हे खरं आहे, नाकारत नाही. सैनिकांवर दगड आले, अश्रुधुराची नळकांडी उलटी फेकली गेली, हेही खरं. हातात पिस्तूल असलेला एक विद्यार्थीसुद्धा तिथे होता. पण तो निदर्शकांपैकी नव्हता, विद्यापीठाच्या पोलिसांसाठी आंदोलकांचे फोटो काढत होता. निदर्शकांपैकी कुणी गोळी झाडली किंवा कुठे बंदूकधारी लपला होता, असा पुरावा एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेला मिळाला नाही. अठ्ठावीस सैनिकांनी तेरा सेकंदांत साठहून जास्त गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले.

मेलेल्या चौघांपैकी सैनिकांच्या सर्वांत जवळ असलेला जेफ्री मिलर सुमारे ऐंशी मीटरवर होता. सँड्रा शॉयर जवळजवळ एकशे वीस मीटरवर होती आणि मोर्चात नव्हती, एका तासावरून दुसऱ्या तासाला निघाली होती. विल्यम श्रोडरही निदर्शनात नव्हता. तो तर त्याच लष्करी प्रशिक्षणाचा विद्यार्थी होता, आपल्याकडच्या एनसीसीतल्या मुलांसारखा. दाजी, तुम्ही पुढे पाठवलेला मेसेज या मुलांना ‘सशस्त्र देशद्रोही’ म्हणतो. चौथी ॲलिसन क्राऊझ, एकोणीस वर्षांची. निक्सन यांनीच नेमलेल्या आयोगानं, त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे माजी गव्हर्नर विल्यम स्क्रँटन यांच्या अध्यक्षतेखाली, हा गोळीबार अनावश्यक, असमर्थनीय आणि अक्षम्य असल्याचं लिहून ठेवलंय.

आता शिकागो. डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन, आत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरतोय आणि बाहेर युद्धविरोधक. इथे माझ्याकडे एकच संदर्भ आहे, पण भक्कम. हिंसाचाराच्या कारणांसाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाकडे डॅनियल वॉकर यांच्या पथकानं त्याच वर्षी १ डिसेंबरला अहवाल दिला. वॉकर कुणी झेंडे घेऊन फिरणारे नव्हते. बड्या कंपनीचे वकील, शिकागो क्राइम कमिशनचे अध्यक्ष. त्यांच्या पथकानं तीन हजार चारशेहून अधिक साक्षी गोळा केल्या, बारा हजारांवर छायाचित्रं तपासली आणि १८० तासांची फिल्म पाहिली. निष्कर्ष असा, की अनेक ठिकाणी पोलिसांनी बेलगाम, सरसकट मारहाण केली. त्यासाठी अहवालात शब्द आहे तो ‘पोलिसांची दंगल’.

पोलिसांना डिवचलं गेलं हेही त्याच अहवालात आहे. घाणेरड्या शिव्या, दगड, फरशांचे तुकडे, लघवीच्या पिशव्या. मेसेजमधलं अर्धसत्य ते हे, आणि ते मला मान्य करावंच लागतं. पण मार कुणाला बसला? नुसतं बघत उभे असलेल्यांना, वाटसरूंना, पत्रकारांना. रस्त्यांवर आणि बागांमध्ये नेमलेल्या सुमारे तीनशे पत्रकारांपैकी साठहून अधिक जण जखमी झाले, पकडले गेले किंवा त्यांची सामग्री मोडली. तेरा प्रसंगांत पोलिसांनी कॅमेरे किंवा ध्वनिमुद्रणाची यंत्रं मुद्दाम फोडली. दंगल कॅमेऱ्यांनी घडवली म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की कॅमेरे फोडायची गरज कुणाला पडली होती.

‘थेट प्रक्षेपण बघून लोक चेकाळले’ हेही चूक. टेलिफोन यंत्रणा बसवणाऱ्या कामगारांच्या संपामुळे टीव्हीवाल्यांना रस्त्यावरून थेट दाखवताच येईना. दृश्यं टेप करून, गाडीनं नेऊन, उशिरानं दाखवली गेली. लोकांनी ती बघितली आणि मग काय केलं? नंतरच्या गॅलप जनमत चाचणीत ५६ टक्के लोकांनी पोलिसांचीच बाजू घेतली. केंटनंतरही तेच. ५८ टक्क्यांनी विद्यार्थ्यांना दोषी धरलं, गार्डला फक्त ११ टक्क्यांनी. टीव्हीनं जनतेचं डोकं फिरवलं असतं, तर हे आकडे उलटे आले असते.

बाकीचे दोन दावे फार वेळ घेण्याच्या लायकीचे नाहीत. युद्धाची फिल्म दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉनहून विमानानं यायची, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांनी, थेट कसलं? आणि रक्तपात रोज? डॅनियल हॅलिन या अभ्यासकानं जुनी बातमीपत्रं मोजून पाहिली. १९६८ च्या टेट हल्ल्यापूर्वी, म्हणजे कम्युनिस्टांनी दक्षिण व्हिएतनामभर केलेल्या मोठ्या चढाईपूर्वी, व्हिएतनामहून आलेल्या चित्रवृत्तांपैकी जेमतेम २२ टक्क्यांत प्रत्यक्ष लढाई होती, तीही बरेचदा ओझरती.

क्रॉन्काइटचा कार्यक्रम २७ फेब्रुवारी १९६८ चा. युद्धात कोंडी झाली आहे, असं तो म्हणाला. जॉन्सन त्या संध्याकाळी टेक्सासात गव्हर्नर कॉनली यांच्या वाढदिवसाला गेले होते. राजीनामा त्यांनी कधीच दिला नाही. ३१ मार्चला पुन्हा उभं राहणार नाही म्हणाले आणि जानेवारी १९६९ पर्यंत अध्यक्ष राहिले. मधल्या काळात न्यू हॅम्पशायर राज्यात, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, त्यांच्याच पक्षाच्या युजीन मॅकार्थी यांनी त्यांना घाम फोडला होता आणि त्याच पक्षाचे रॉबर्ट केनेडीही मैदानात उतरले होते. युद्धात पडणं चूक होती असं म्हणणारे ऑक्टोबर १९६७ मध्येच ४७ टक्के झाले होते, तसं न मानणाऱ्यांपेक्षा जास्त. क्रॉन्काइट बोलला त्याच्या चार महिने आधी.

आणि त्याआधीच्या कोरियातल्या युद्धाचं काय करायचं? तेव्हा टीव्ही नुकता रांगत होता, रणांगणावरून रोज चित्रं येत नव्हती. तरी ते युद्ध लोकांना नकोसं झालंच. मार्च १९५२ मध्ये अध्यक्ष ट्रुमन त्याच न्यू हॅम्पशायरमध्ये हरले आणि त्याच महिन्यात त्यांनीही जाहीर केलं की आपण पुन्हा उभे राहणार नाही. मुलं शवपेट्यांतून घरी येत होती. ते कळायला कॅमेरा लागत नव्हता.

दाजी, हे मी ग्रुपवरच टाकते आहे, कारण मेसेज तिथेच आला होता. तो काढून टाका, आणि ज्या दोन ग्रुपांवर तुम्ही पुढे धाडलाय तिथेही एक ओळ लिहा की क्लिप शिकागोची आहे. भाचीनं सुरुवात बदलली आहे. काल फोन ठेवण्याआधी तिनं त्या चौघांची नावं माझ्याकडून पुन्हा एकदा उच्चारून घेतली आणि विचारलं, "मावशी, ती वर्गात जाणारी, तिच्या हातात पुस्तकं असतील ना गं?"