खण गेला त्याची गोष्ट

आमचं खराडीचं ऑफिस नवं झालं त्याला आठ महिने होतील. देखणं झालंय, खोटं कशाला बोलू. रिसेप्शनला शेवाळाची हिरवीगार भिंत, कोपऱ्यात झोपाळा, फोनवर बोलायला काचेच्या चिमुकल्या खोल्या. फक्त माझ्या टेबलाचा खण गेला.

खणात काय होतं? चिवड्याचा डबा, सुईदोरा, जास्तीचा चष्मा, अमृतांजन, पावसाळ्यातली घडीची छत्री. आता ‘हॉट डेस्किंग’. म्हणजे रात्रीच अ‍ॅपवर जागा धरायची आणि सकाळी मिळेल तिथे टेकायचं. आठवड्यातले दोनतीन दिवसच माणसं येतात, मग प्रत्येकाला टेबल कशाला, हा त्यामागचा हिशोब. भाडं चौरस फुटावर असतं, त्यामुळे हिशोब मलाही कळतो. पण सादरीकरणात त्याला ‘एकमेकांत मिसळणं’ म्हणाले, तिथे माझं डोकं फिरलं. आमची नऊ जणांची टीम सध्या तीन मजल्यांवर मिसळलेली आहे!

बरं, मोकळ्या हॉलमुळे बोलणं वाढतं हेही खरं नाही. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी भिंती पाडलेल्या दोन कंपन्यांमधल्या माणसांच्या अंगावर सेन्सर लावून मोजलं. २०१८ साली आलेला निष्कर्ष असा, की समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. आमच्याकडे वेगळं काय होतंय? जो तो कानात हेडफोन खुपसून बसतो, आणि आईचा फोन आला की काचेच्या खोलीसमोर रांग.

रॉबर्ट प्रॉप्स्ट या अमेरिकन डिझायनरचंही असंच झालं, हेतू एक आणि घडलं भलतंच. १९६०च्या दशकात हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी त्याने ‘अ‍ॅक्शन ऑफिस’ आखलं ते माणसाला ऐसपैस जागा आणि हालचाल मिळावी म्हणून. उभ्याने काम करायचं टेबलही त्यात होतं. कंपन्यांनी त्यातल्या हलवता येणाऱ्या आडभिंती तेवढ्या उचलल्या, चौकोन जमेल तितके आवळले, आणि क्युबिकल जन्माला आलं.

वरखाली होणाऱ्या टेबलाला मात्र मी नावं ठेवणार नाही. माझी उंची पाच फूट एक इंच. साधं ऑफिसचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच. त्याच्यासाठी खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळणार, खाली घेतली की खांदे कानाला लागणार. इतकी वर्षं पायाखाली ए-फोर कागदाची दोन रिमं ठेवून दिवस काढले. आता बटण दाबलं की टेबल खाली येतं, पाय जमिनीला टेकतात. हा एवढा खर्च सत्कारणी लागला.

शेवाळाच्या भिंतीबद्दल मात्र बोलू नये तेच बरं. डिसेंबरातली पुण्याची हवा बाहेर, खिडक्या कायमच्या बंद, आणि आत एसी लावून ‘निसर्गाचं सान्निध्य’!

कंपनीने लॉकर दिलाय, नाही असं नाही. सगळ्यात खालच्या ओळीत, उकिडवं बसून उघडावा लागतो. आणि कुठेही बसले तरी मधे निदान पन्नास पावलं. परवा सुईदोरा हवा होता तर कोपराजवळचं उसवलेलं शिवण तसंच घेऊन मीटिंगला गेले.

मग शोध लागला. अख्ख्या मजल्यावर कुलपाचं कपाट एकच, पँट्रीतल्या मावशींचं. चहाच्या भुकटीशेजारी त्यांनी मला एक फळी मोकळी करून दिली. चिवड्याचा डबा सध्या तिथे आहे. छत्रीचं विचारलं तर म्हणाल्या, “ताई, ओली नका आणू फक्त.”