पान पिवळं पडलं? दुकान गाठा!

सोयाबीन पिवळं पडलंय ना? मग घाई करा. एक पान तोडा, खिशात घाला आणि थेट कृषी सेवा केंद्र गाठा. झाड उपटून मुळं-खोड बघत बसू नका. काहीतरी दिसायचं आणि उगाच डोक्याला ताप.

पान काउंटरवर ठेवा. मालक पानाकडे बघणार नाहीत, मागच्या मांडणीकडे बघतील. याला म्हणतात तयार नजर! लोह कमी पडलंय, पाणी साचलंय, खोडमाशी आहे की पांढऱ्या माशीनं आणलेला पिवळा मोझॅक, असला कीस विद्यापीठवाल्यांनी काढावा. मोझॅक म्हणे विषाणूचा, त्यावर औषधच नाही. रोगट झाडं उपटा आणि माशी आवरा. आता उपटण्याचं बिल कसं फाडणार? तुम्हाला मिळेल एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, १९:१९:१९ खत आणि वर एक टॉनिक, ज्याच्या बाटलीवर आत काय आहे ते सोडून सगळं छापलेलं असतं. चारही एकाच पंपात. प्रमाण बिलामागे लिहून मिळेल: ‘पंपाला दोन झाकणं’. कुठल्या बाटलीचं झाकण, हे विचारू नका. मागची उधारी बाकी असताना तोंड वर करून बोलू नये.

किसान कॉल सेंटरला तर चुकूनही फोन लावू नका. १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत, आणि तेही फुकट. २००४ पासून चालू आहे म्हणे. पण तिकडचा माणूस उलट तुम्हालाच विचारणार, जमीन कसली, पाणी साचतं का, आणि शेवटी पुढच्या वर्षी बीबीएफनं, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर, पेरा म्हणून सांगणार. विकायला काही नसलेल्या माणसावर भरवसा ठेवायचा तरी कसा?

कृषी सहायकाचं (आता ‘सहायक कृषी अधिकारी’ म्हणायचं) मात्र बरं असतं. बिचाऱ्याच्या गळ्यात इतकी गावं आणि इतके कागद, की तो तुमच्या बांधावर यायच्या आत तुमची फवारणी उरकलेली असते. शेतीशाळेत भेटला, तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासायला सांगेल. ७० उगवले तर बियाणं चांगलं म्हणे. गोणपाटाची जाहिरात कुठं पाहिलीत का? मग सोडा.

मळणी झाली की माल आडतीवर घाला. दुकानदाराचीच आडत असेल तर सोन्याहून पिवळं: सल्ला, उधारी, व्याज आणि मालाचा भाव एकाच वहीत, एकाच हस्ताक्षरात.