प्रश्न माहितीचा नाही, भाड्याचा आहे
‘जनजागृती नसल्याने गरीब स्त्रिया निरोधचा आग्रह धरत नाहीत’ हे लेखातील विधान मला पटले नाही. नागपूरच्या कळमना बाजारात मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांच्या वस्तीत मी काही वर्षे आरोग्य स्वयंसेविका म्हणून जात असे. सरकारी केंद्रात निरोध फुकट मिळतो आणि एचआयव्हीची तपासणीही मोफत होते, हे त्यांतील बहुतेकींना ठाऊक होते. तरीही एकीने निरोधचे पाकीट कणकेच्या डब्यात दडवले होते, कारण ते दिसताच ‘माझ्यावर संशय घेतेस का?’ म्हणत नवरा ट्रकवर निघून जाई आणि खोलीचे भाडे थके. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे खरा, पण भाडे थकल्यावर घरमालकापुढे तो कितपत चालणार? एवढ्या लांबलचक लेखात या बायकांच्या मजुरीचा साधा उल्लेखही नसावा, याचे मला आश्चर्य वाटले.