वेताळाची भावकी

वाचनालय कोल्हापुरातलंच. नाव सांगत नाही, वर्षाची वर्गणी आगाऊ भरली आहे. बालविभागातली वेताळपंचविशी घेऊन खिडकीशी गेलो, तर बाई माझ्यामागे वाकून बघायला लागल्या. "मूल कुठाय?"

मलाच वाचायचंय म्हटलं. "मोठ्यांना घरी नाही देत. इथं बसून वाचा."

महिन्यात करोडपती व्हायचं पुस्तक नेणाऱ्या गृहस्थांना मात्र कुणी हटकलं नाही. जणू ती परीकथा नव्हे!

बसायला बालविभागाचं बाकडं. गुडघे हनुवटीला. लहानपणी मला या पुस्तकात फक्त स्मशान दिसायचं. आता राजाचा कारभार दिसला. जोगी रोज फळ आणून देतो, राजा ते न बघता भांडारात पाठवतो, असं दहा वर्षं. आत रत्न आहे हे कळतं ते माकडानं फळ फोडल्यावर! काश्मिरी कवी सोमदेवानं अकराव्या शतकात हे लिहिलं तेव्हा ऑडिट नसेल, पण दहा वर्षं? आणि हा न्यायनिवाडे करणार.

"काय वाचाय लागलाय?"

शेजारी एक मामा. तालमीत कान फुटलेले, हातात पेपर. डोक्यावर 'शांतता राखा'ची पाटी. त्यांना टाळायचं म्हणून थोडक्यात चोविसावी गोष्ट सांगितली. कुणा एका राजाला आणि त्याच्या राजपुत्राला रानात दोन बायकांची पावलं दिसतात. ठरतं, मोठ्या पावलांची बापाची, लहान पावलांची मुलाची. निघतं उलटं: मोठी पावलं लेकीची. बापाचं लग्न लेकीशी, मुलाचं आईशी. मग त्यांच्या पोरांचं नातं काय? इथं विक्रम गप्प बसतो.

"गप का? सोप्पं हाय की." मामांनी पेपर घडी करून ठेवला. "बापाचं पोरगं ते राजपुत्राच्या पोराचं चुलता. आन् राजपुत्राचं पोरगं ते बापाच्या पोराचं मामा. आमच्या भावकीत याच्यापरीस गुंता हाय."

मी बोटांवर मोजून बघितलं. बरोबर होतं! हजार वर्षं अडलेलं कोडं, आणि मला टाळी द्यावीशीही वाटेना.

"आता सातबाऱ्याला नावं कशी लावायची?" मामांचा आवाज चढला. "राजा हुशार हो. वाटणीत बोलला न्हाई. बोलला असता तर तलाठी, सर्कल, प्रांत... आमच्या बांधाची केस..."

केस सुरू झाली. विक्रम बोलला की वेताळ निदान झाडावर परत जायचा; मी गप्प बसलो तरी मामा हलेनात. विहिरीच्या पाळीपर्यंत आम्ही आलो आणि बाईंनी ओरडून बोलणं थांबवायला सांगितलं. कुणाला, तर मला.

वाचनालय बंद व्हायची वेळ झाली. जोग्याचं पुढं काय होतं ते माझं राहूनच गेलं होतं. मामांनी माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं, खिडकीत नातवाचं कार्ड सरकवलं. बाईंनी हसून शिक्का मारला.

नातू पुण्यात नोकरीला आहे.