पंचवीस टक्के, पण कशाचे?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज महिन्यातून एकदा तरी फिरतोच. मजकूर थोडक्यात असा : बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ऑनलाइन मागवा, दरमहा सरळ २५ टक्के वाचवा. माल थेट गोदामातून येतो म्हणून स्वस्त, गोळी तीच. तीन महिन्यांचं एकदम मागवलंत तर आणखी फायदा. खाली जोडलेले हात आणि ‘ज्येष्ठांपर्यंत पोचवा’.

आईची औषधं मी गेली सहा वर्षं आणतोय, दोन्हीकडून. मेडिकलवाल्यांची वकिली मला करायची नाही. त्यांच्या संघटनेने २८ सप्टेंबर २०१८ ला ऑनलाइन विक्रीविरुद्ध देशभर बंद पाळला, तो काही निव्वळ रुग्णांच्या काळजीपोटी नव्हता. पण मेसेजमधला हिशेबच चुकलाय.

ते २५ टक्के आधी बघू. सवलत छापील किमतीवर मिळते, आणि छापील किंमत ब्रँडगणिक वेगळी. समजा, रक्तदाबाची एक गोळी दहाच्या पाकिटात ९२ रुपयांना आहे. २५ टक्के वजा जाता ६९, म्हणजे एक गोळी ६.९० ला. तोच घटक, तेवढीच ताकद, पण दुसरी कंपनी, पंधराचं पाकीट १०५ ला. मेडिकलवाला १० टक्के सोडतो, झाले ९४.५०. गोळी पडली ६.३० ला. मोठी सवलत घेणाराच जास्त पैसे देऊन आला! दहाचं, चौदाचं, पंधराचं, तीसचं अशी सगळी पाकिटं बाजारात असताना पाकिटांचे भाव ताडून हाती काही लागत नाही. भाव गोळीचा काढायचा.

शिवाय जाहिरातीत २५ च्या पुढे बारीक अक्षरात ‘पर्यंत’ असतं. आईची मागच्या महिन्याची यादी छापील किमतीने ८७० रुपयांची होती. ॲपवर सवलत १५६, वर हाताळणीचे १९, द्यायचे ७३३. आमच्या मेडिकलमध्ये १० टक्के जाऊन ७८३. वाचले ५० रुपये. नाही कशाला म्हणू, वाचले. पण मेडिकलच्या बिलाच्या मानाने ते जेमतेम साडेसहा टक्के. त्याआधीच्या महिन्यात मोफत घरपोचचा आकडा गाठायला थोडे पैसे कमी पडले, म्हणून आईने कार्टमध्ये आवळा कँडी टाकली. ती अजून फडताळात आहे. मेडिकलचा पोरगा फोन केला की तासाभरात गोळ्या आणून देतो, कँडीशिवाय.

आता ‘थेट गोदामातून येतं म्हणून स्वस्त’. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढून तिच्यावर १६ टक्के नफा धरतात. कर बाजूला ठेवला तर शंभरला घेतलेलं ११६ ला विकायचं. त्या ११६ वर २५ टक्के सोडले की हातात येतात ८७. शंभरचा माल ८७ ला द्यायचा तर वरचे १३ कुठून तरी यायला हवेत : घाऊक खरेदीतली घासाघीस, कंपन्यांच्या स्कीम, नाहीतर गुंतवणूकदारांचा खिसा. तो खिसा कायम उघडा राहील असं धरून आयुष्यभराच्या गोळ्यांचा हिशेब मांडू नये. यादीबाहेरच्या ब्रँडवर असं बंधन नसतं. तिथे किंमत चढी, मार्जिन मोठं, आणि म्हणून सवलतीचा आकडाही डोळ्यांत भरणारा.

‘गोळी तीच’ हेही तपासून घ्या. मधुमेहाचं साधं मेटफॉर्मिन आणि हळूहळू विरघळणारं एसआर मेटफॉर्मिन या एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. यादीत चुकून दुसरीवर बोट पडतं.

तीन महिन्यांचं एकदम मागवणं मला सगळ्यात महागात पडलं. थायरॉइडचा डोस बदलला की सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करतात, आणि त्यावर डोस पुन्हा हलू शकतो. आईचा ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम झाला तेव्हा घरात ५० च्या दोन सीलबंद बाटल्या होत्या. ऑनलाइन परतीची मुदत उलटून गेलेली. मेडिकलवाल्याने मात्र त्याच्याकडून घेतलेली बीपीची न फोडलेली पाकिटं एकदा मुकाट्याने बदलून दिली होती. तो पाकीट कापून दहा दिवसांच्या गोळ्याही देतो. नवीन औषध सोसतं का बघायचं असेल तेव्हा हीच मोठी बचत. आणि इन्सुलिनचा न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो. विदर्भातल्या मे महिन्यात ते पार्सल वॉचमनच्या टेबलावर दुपारभर पडलं, तर सवलत कितीही असो.

खरा पैसा मेसेजने धरलेल्या ठिकाणी नाहीच. मधुमेहाच्या सिटाग्लिप्टिन या औषधाचं पेटंट, म्हणजे ते बनवण्याचा एकाच कंपनीचा हक्क, जुलै २०२२ मध्ये संपलं. त्याच वर्षी जनऔषधी केंद्रात ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या, तेव्हा ब्रँडच्या १६० च्या पुढे होत्या. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या औषधाचं पेटंट संपलं आणि साठेक रुपयांची गोळी दुसऱ्या कंपन्यांकडून दहा रुपयांच्या आसपास मिळू लागली. जुनाच ब्रँड ॲपवर २५ टक्के सवलतीने घेणारा मात्र ४५ मोजून खूश. मेडिकलवाला चिठ्ठीवरचा ब्रँड स्वतःहून बदलून देऊ शकत नाही, नियमच तसा आहे. म्हणून विचारायचं डॉक्टरांना : ‘यातलं स्वस्तातलं काही लिहून देता का?’ मी विचारलं. त्यांनी अर्ध्या मिनिटात एक गोळी बदलली आणि थायरॉइडच्या ब्रँडला हात लावू नका म्हणाले.

ऑनलाइन मी अजूनही मागवतो. मामांची फिटची गोळी त्यांच्या तालुक्याच्या गावी मिळत नाही आणि एक दिवस चुकवूनही चालत नाही. ती संपायच्या दहा दिवस आधी ऑर्डर टाकतो, सवलत न बघता.